अर्धी सोडलेली ओळ

एक

शनिवारी संध्याकाळी आठ ताटं मांडली होती आणि जेवायला सातच माणसं आली.

आठवं ताट गाठवालीचं. गालिच्याची तिच्याइतकी बारीक आणि घट्ट गाठ आमच्यात कुणालाच मारता येत नव्हती, म्हणून तिचं नावच ते पडलं होतं. मी मागांच्या खोलीत गेले, तिच्या बसायच्या फळीवर कुणी नव्हतं. न्हाणीघरात नाही, गच्चीवर नाही. चपला मात्र बाहेरच्या रांगेत जागच्या जागी होत्या. आणि मागच्या अंगणातलं फाटक, जे एरवी आतून कडी घालून बंद असतं, ते वीतभर उघडं होतं.

ही आठ माणसं चार महिन्यांपूर्वी एका गालिच्याच्या शेडमधून सुटून आमच्या संस्थेकडे आली होती. सुटून म्हणजे, आम्ही कोर्टाचा हुकूम घेऊन गेलो, पोलिसांनी कुलूप तोडलं आणि ती आमच्या गाडीत बसली. कुणाच्या आजोबांनी घेतलेली उचल, ती नातवंडं फेडत होती आणि ती काही फिटत नव्हती. रात्री शेडला बाहेरून कुलूप, दिवसा बाहेरून कडी. आमची जागा म्हणजे एक बंद पडलेला छापखाना. तो आम्ही झाडून-रंगवून घेतला, आठ माग बसवले. हवा खेळावी म्हणून दिवसभर सगळ्या दारांना विटा लावून ठेवायचो. आता माग तुमचे, मजुरी तुमची, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मला केवढं समाधान वाटलं होतं त्या माना डोलावण्याचं!

सोमवारी अकरा वाजता सुनावणी होती. मालकाची आणखी एक शेड आहे, तिथे अजून मुली कोंडलेल्या आहेत, असं आमचं म्हणणं. अशी शेडच नाही, असं मालकाचं. ती शेड आतून पाहिलेलं आमच्यात एकच माणूस होतं, ते म्हणजे गाठवाली. गेल्या वर्षी तिला तिथून उचलून इकडच्या शेडमध्ये आणलं आणि तिची तेरा वर्षांची लेक तिथेच ठेवून घेतली, आईनं पळून जाऊ नये म्हणून. सोमवारी ती साक्षीला उभी राहिली तर दुसरी शेड उघडायचा हुकूम निघणार. नाही राहिली तर अर्ज निकाली. मग ती लेक तिथल्या तिथे म्हातारी होणार.

आम्ही शोधलं. चौकीदार मोठ्या रस्त्यानं गेला, मी बस स्टँडवर गेले, गाठवालीचा दीर मागच्या गल्लीत गेला. तो आमच्या आठांतलाच एक. तासाभरानं तिघंही हात हलवत परत आलो.

फौजदार आले, फाटक पाहून दोन मिनिटांत म्हणाले, "ताई, आई आहे ती. लेकीकडे गेली असणार. मालकानं निरोप धाडला असेल, साक्ष देऊ नकोस, लेकीला भेटवतो. तुम्ही उगाच साप साप म्हणून भुई धोपटताय."

ते पटण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत होती. मी मामांना फोन लावला.

दोन

माझे मामा तेहतीस वर्षं कोर्टात बेलिफ होते. आयुष्यभर लोकांच्या दारावर समन्स चिकटवणं, लोकांच्या दारांना सील ठोकणं, हेच काम. माणूस दार कसं उघडतो यावरून त्याच्या घरातलं सगळं कळतं, असं ते म्हणतात. आमच्या आईला ते आवडायचं नाही. माझ्या भावानं सगळ्यांना घराबाहेर काढण्यात जन्म घालवला, असं ती म्हणायची. पण निवृत्त झाल्यावर संस्थेला पहिली देणगी त्यांनीच दिली होती.

रविवारी सकाळी नऊ वाजता आले. चहा घेतला नाही.

"फाटकातून बाहेर पडली म्हणतात, आणि चपला इथेच?"

"घाईत गेली असेल."

"लेकीला भेटायला निघालेली बाई अनवाणी निघेल? तिकडे पोचायला दोन बसा बदलाव्या लागतात असं तूच म्हणालीस."

मग ते तिच्या मागापुढे बसले. गालिच्याचं काम चालू असताना मी कधी इतकं बारकाईनं पाहिलं नव्हतं. वर ताण्याचे उभे धागे, खाली विणलेला भाग, आणि मधली शेवटची ओळ डावीकडून निम्म्यापर्यंत येऊन थांबलेली. गाठी ठोकून बसवायचा लोखंडी पंजा फळीखाली ठेवलेला होता, दात जमिनीकडे करून.

"बाकीच्या मागांवर ओळी पूर्ण आहेत," मामा म्हणाले.

"त्या नेहमीच असतात. मी चहाला हाक मारली तरी ओळ संपल्याशिवाय कुणी उठत नाही. मी कितीदा सांगितलं, अगं चहा निवतो. पण नाही."

"मग ही का उठली?"

मला काय माहीत!

मामांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. आधी चौकीदार. मनगटावर नवंकोरं घड्याळ, आणि मामांची नजर नेमकी तिथे गेलेली पाहून तो फणकारला.

"जावयानं दिलंय. विचारा त्याला. तुम्हाला काय वाटलं, मी माणसं विकतो?"

"मला काहीच वाटत नाही अजून. काल चार ते सहा कुठे होता?"

"पुढच्या दरवाजात. पाण्याचा टँकर आला होता, टाकी भरेपर्यंत हललो नाही. टँकरवाल्याला विचारा. तेवढ्यात सूतवाला आला चारला, शनिवारची लोकर उतरवली, पाचला गेला. त्याची गाडी रिकामी गेली, मी स्वतः बघितलं. गाठवाली पुढून गेली नाही, आईची शपथ."

मग दीर. शुक्रवारी त्याचं आणि गाठवालीचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते मीही ऐकलं होतं. मामांनी आडपडदा ठेवला नाही.

"तू तिला साक्ष देऊ नको म्हणालास?"

"म्हणालो." तो आपल्या हातांकडे बघत होता. "पोरगी त्यांच्या हातात आहे. वहिनी इथे बोलली की तिथे पोरीला मार पडणार. मी माझ्या भावाला मार खाऊन मरताना बघितलंय. पुन्हा नाही बघायचं."

"मग काल तू तिला कुठे पाठवलंस का?"

"मी?" त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "मी कसं पाठवणार?"

तो हे असं म्हणाला, जणू मामांनी त्याला तू उडतोस का असं विचारलं होतं. मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

तेवढ्यात सूतवाला आला. आदल्या रात्री मीच त्याला फोन केला होता, गाठवाली दिसली का म्हणून. बिचारा रविवार असून राहिलेली लोकर घेऊन आला. बोलायला गोड, भाव इतरांपेक्षा कमी, आणि आमच्या लोकांशी वागणं तर असं मायेचं की मला त्याचं कौतुक वाटायचं. लोकरीचे गठ्ठे उचलायला सगळे रांगेनं आले. तो दारात उभा राहिला आणि "चला, चला" म्हणत प्रत्येकाच्या खांद्याला दोन बोटं लावत राहिला. खाली मान घालून सगळे पुढे सरकले.

"वाईट झालं ताई," तो म्हणाला. "पण आई आहे ती. लेकीच्या ओढीनं गेली असणार. उद्या संध्याकाळपर्यंत बघा, येईल कुठूनतरी."

तो गेल्यावर मामा बराच वेळ दाराकडे बघत होते. मग आत्याजवळ जाऊन बसले. आत्या म्हणजे त्या आठांतली सगळ्यात वयस्क, सगळे तिला आत्याच म्हणत, बासष्ट वर्षांची, त्यातली पंचावन्न वर्षं मागावर.

"आत्या, विणणारा माणूस अर्धी ओळ सोडून कधी उठतो?"

"बोलावणं आलं तर."

"आणि पंजा असा उलटा ठेवतो?"

"बोलावलंय हे कळावं म्हणून. नाहीतर बाकीच्यांना वाटेल, कामचुकारपणा केला."

"कुणाचं बोलावणं, आत्या?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती होती, आणि तिला भीती माझी वाटत होती. मग ती उठली, आपल्या मागापुढे जाऊन बसली, आणि काही केल्या तोंड उघडेना.

तीन

साडेअकराला मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "जेवणाची घंटा बाराला देतेस ना? दे. पण मागांच्या खोलीत येऊ नकोस. मी बोलावल्याशिवाय अजिबात नाही."

"आता हे काय?"

"ऐक म्हातार्‍याचं."

बाराला मी घंटा दिली. ताटं वाढली. पाच मिनिटं झाली, कुणी येईना. ओळी संपवत असतील म्हटलं. दहा मिनिटं झाली. अन्न गार झालं आणि माझा पारा चढला. आधीच एक माणूस नाहीसं झालेलं, त्यात हे काय नवीन? वीस मिनिटांनी मात्र रागाची जागा दुसर्‍याच कशानंतरी घेतली. इमारतीत इतकी शांतता होती की मागच्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. सात माणसं आणि मामा त्या खोलीत होते, आणि एक आवाज नाही.

मी मामांचं ऐकलं नाही. धावत गेले.

मागांच्या खोलीचं दार लागलं होतं. रोज त्याला लावलेली वीट बाहेर भिंतीशी ठेवलेली होती. मी दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं, बोटानं उघडलं.

आत सातही जण आपापल्या फळीवर बसले होते. काम थांबलेलं, ओळी पुर्‍या, पंजे जागेवर. तोंडं दाराकडे, हात गुडघ्यांवर. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मामा कोपर्‍यातल्या स्टुलावर बसले होते आणि त्यांचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता.

दार उघडताच सगळे एकदम उठले आणि रांगेनं जेवायला निघाले.

"वीट मी काढली," मामा हळू आवाजात म्हणाले. "दार लोटलं आणि बसलो. घंटा झाली, सगळ्यांनी ऐकली. ओळी संपवल्या आणि हे असे बसले. त्यांच्यातली एक पोरगी, तिला तहान लागली होती. माठ दाराबाहेर. दोनदा ओठ चाटले तिनं. उठली नाही. बावीस मिनिटं! मी आणखी बसू शकलो नसतो गं."

चार महिने. चार महिन्यांत यांच्यातल्या एकानंही आमच्या घरातलं एकही दार उघडलं नव्हतं, आणि ते मला दिसलं नव्हतं. दिवसा विटा लावलेल्या. रात्री झोपायच्या खोलीचं दार चौकीदार लोटून घ्यायचा, सकाळी उघडायचा. किती शिस्तीची माणसं आहेत, असं मी देणगीदारांना सांगत होते.

"आता सांग," मामा म्हणाले, "जिला बोटानं उघडणारं दार उघडता येत नाही, तिनं काल कडी काढून फाटक कसं उघडलं?"

चार

"म्हणजे कुणीतरी उघडलं."

"कुणीतरी उघडलं. आणि ते या सातांतलं नाही. दिरावरचा संशय तिथेच संपला. तो म्हणाला ना, मी कसं पाठवणार. खरंच बोलत होता. चौकीदार टँकरपाशी होता, मघाशी मी टँकरवाल्याला फोन करून विचारलं. तू ऑफिसात वकीलबाईंशी बोलत होतीस. बाकी सगळे पुढे चहाला होते. ही एकटी ओळ संपवायला मागे राहिली होती."

"मग राहिलं कोण?"

"ते मी सांगून काय उपयोग? हातच्या कांकणाला आरसा कशाला. ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारू. फक्त प्रश्न बरोबर विचारायला हवा. आपण 'गाठवाली कुठे गेली' असं विचारतोय. ते त्यांना खरंच माहीत नाही."

जेवणं झाली होती. मामा आत्यासमोर जमिनीवर बसले, मांडी घालून, तिच्यापेक्षा खाली.

"आत्या, प्रत्येक शेडला एक मुकादम असतो. बरोबर?"

"असतो."

"तो रोज येतो?"

"नाही. तिकडेही शनिवारचाच यायचा. माल बघायचा, माणसं मोजायचा, जायचा."

"माणसं कशी मोजायचा?"

आत्यानं उजव्या हाताची दोन बोटं आपल्या डाव्या खांद्याला लावली.

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. कुणी दचकलं नाही. त्यांना भांडी पडायची सवय असावी.

"आणि इथला मुकादम कोण, आत्या?"

"तोच," आत्या म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा स्वर होता. "शनिवारी येतो तो."

"तुम्ही त्याला तिकडे पाहिलं होतं? जुन्या शेडमध्ये?"

"तिथलाच तो. पंधरा वर्षं."

"अगं मग सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. "चार महिने तो इथे येतोय! मी त्याला चहा पाजतेय!"

आत्या घाबरून उठायला लागली. मामांनी मला डोळ्यांनी गप्प केलं, पण आता थांबणं माझ्या हातात नव्हतं. मी तिच्यापुढे बसले आणि शक्य तितक्या हळू विचारलं, "आत्या, मी कोण आहे? तुम्हाला मी कोण वाटते?"

तिनं एकदा इतरांकडे बघितलं. कुणी वर पाहिलं नाही.

"तुम्ही मालकीणबाई," ती म्हणाली. "चांगल्या आहात. मारत नाही. पोटभर घालता. आम्ही आपसात म्हणतो, यावेळी विकले गेलो ते बऱ्या ठिकाणी."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. गाडीत बसवून आणलं, माणसं मोजून आत घेतली, दारं कुणी लावायची आणि कुणी उघडायची ते ठरवलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा जुना मुकादम दारात उभा केला. तो स्वस्तात लोकर देतो म्हणून. त्यांनी आणखी काय समजायचं होतं?

मामा मग म्हणाले, "रड नंतर. ती बाई काल चारपासून कुठल्यातरी दाराआड आहे, पाण्याशिवाय. आणि मला वाटतं ती इथून फार लांब नाही."

पाच

ते चालता चालता बोलत होते, मागच्या फाटकातून, गल्लीत.

"सूतवाला चारला आला, पाचला गेला. गाडी रिकामी गेली. म्हणजे तिला गाडीतून नेलं नाही. तासाभरात लोकर उतरवून, तिला पायी कुठेतरी सोडून परत आला. अनवाणी, म्हणजे जवळच. फाटक मुद्दाम उघडं ठेवलं, ती पळाली असं वाटावं म्हणून. आणि सकाळी तुला काय म्हणाला? उद्या संध्याकाळपर्यंत येईल. सुनावणी अकराला. संध्याकाळी तो स्वतःच तिला बाहेर काढणार होता."

"पण मामा, ही गल्ली काल दिरानं पाहिली."

"त्याला बोलाव."

दीर आला. मामांनी विचारलं, "काल इथे कसं शोधलंस?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. हाका मारल्या. वहिनी, वहिनी म्हणून. कुणी ओ दिली नाही."

"बंद दाराच्या आतून माणूस ओ देतो का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "तिकडे दिली की मार पडायचा."

"आणि दारं उघडून बघितलीस?"

"दारं?" तो म्हणाला. आणि मग त्याला कळलं. माझ्यापेक्षाही आधी कळलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी बस स्टँडवर बसची खिडकी न् खिडकी बघत फिरत होते.

गल्ली म्हणजे एका बंद गिरणीची मागची बाजू. पाच दारं. चारांना गंजून एकजीव झालेली कुलपं. पाचवं गल्लीच्या टोकाला, जिथे पूर्वी माल तोलत असत त्या काट्याच्या खोलीचं. त्याला कुलूप नव्हतं. कोयंडासुद्धा कधीच निखळून गेला होता. नुसती फळी, लोटलेली. वरच्या कोपर्‍यातलं कोळ्याचं जाळं ताजं तुटलेलं.

मामांनी दार ढकललं.

ती समोरच बसली होती. जमिनीवर, काट्याच्या तुटक्या पारड्याला पाठ लावून, तोंड दाराकडे, हात गुडघ्यांवर. ओठ फुटले होते. उजेड डोळ्यांवर आला तशी ती उठायला गेली आणि पडली. दिरानं तिला धरलं.

"मी आवाज केला नाही," ती मला म्हणाली. "अजिबात नाही केला. आता लेकीला आणतील ना?"

"कोण आणतील, गाठवाली?"

"तो म्हणाला, दार उघडेपर्यंत आत बस, आवाज करू नकोस. लेक तुझ्याकडे येईल."

आम्ही तिला पाणी पाजलं, घोटघोट. ती जरा सावरल्यावर मामांनी तिला हाताला धरून दारापाशी नेलं. "हे बघ. कडी नाही. कुलूप नाही. हात लाव."

तिनं दाराला हात लावला. दार हललं. तिनं हात मागे घेतला, जणू चटका बसला. मग पुन्हा लावला. लोटलं. ओढलं. पुन्हा लोटलं. बिजागरी करकरत होती, आणि तो आवाज त्या दिवसानंतर माझ्या झोपेत येत राहिला आहे.

"हे कधीपासून उघडं होतं?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासून," मामा म्हणाले.

ती रडली नाही. तिला राग आला. चार महिन्यांत तिच्या तोंडावर मी पहिल्यांदा राग पाहिला, आणि त्यातला थोडा माझ्यासाठीही होता. मी तो घेतला.

सहा

फौजदारांनी सूतवाल्याला संध्याकाळी पाचला आमच्याच ऑफिसात आणलं. फौजदार खजील होते, म्हणून जरा जास्तच गुरगुरत होते. गाठवाली आतल्या खोलीत निजली होती. मामांनी बजावलं होतं की त्याला फक्त एवढंच सांगायचं, बाई सापडली.

"बाई सापडली," फौजदार म्हणाले.

सूतवाल्यानं रुमालानं मान पुसली. हसला.

"देव पावला. पण साहेब, मी काही कुलूप लावलं नव्हतं. दार उघडंच होतं. एखादी बाई आपल्या मर्जीनं बसून राहिली तर त्यात माझा काय दोष?"

मामा खिडकीपाशी उभे होते, ते वळले.

"कुलपाचं कुणी विचारलं तुला?"

त्याचं हसणं तसंच राहिलं, फक्त डोळे त्यातून निघून गेले.

"दार कुठलं, ते कुणी सांगितलं?" मामा म्हणाले. "तिची गाठ बस स्टँडवर पडली असेल, लेकीकडे पडली असेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पण एक मान्य केलं पाहिजे, डोकं चालवलंस. कुलूप लावलं तर कोंडून ठेवल्याचा गुन्हा. लावलं नाही तर काहीच नाही. तेहतीस वर्षं मी दारांना सीलं ठोकली. तुझ्याइतकं पक्कं सील मला कधी ठोकता आलं नाही."

तो अजूनही सावरला असता. एका बाईचा शब्द, बाकी पुरावा काय, असं म्हणालाच तो. तेव्हा ऑफिसचं दार उघडलं.

मी चौकीदार असेल म्हणून वैतागून वळले. दारात आत्या उभी होती. तिचा हात अजून दाराच्या मुठीवर होता. बाहेर दुसरं कुणीच नव्हतं. दार तिनंच उघडलं होतं.

सवयीनं सूतवाल्यानं दोन बोटं उचलली. आत्यानं मान खाली घातली नाही. "हाच मुकादम," ती फौजदारांना म्हणाली. "लिहून घ्या. मला सही येत नाही, पण बाकीच्यांनाही बोलवा. सगळे सांगतील."

लिहून घ्यायला सात वाजले. मी तोपर्यंत घरभर हिंडून दारांच्या सगळ्या विटा उचलल्या आणि अंगणात रचून ठेवल्या.

सात

सोमवारी गाठवालीनं साक्ष दिली. ती फार बोलली नाही. शेडमध्ये माग किती, झरोका कुठल्या भिंतीला, तिसर्‍या फळीवर कोण बसतं, एवढंच. हुकूम तीनला निघाला. संध्याकाळपासून शेडच्या फाटकावर शिपाई उभे होते. मंगळवारी सकाळी आम्ही आत गेलो, फौजदार, मामांच्या जागी आलेला नवा बेलिफ, मामा, मी आणि ती.

शेड म्हणजे शेतांच्या पलीकडे पत्र्याची लांबट खोली. दाराला बाहेरून हातभर लांबीची कडी. बेलिफ पुढे झाला, तेव्हा गाठवाली म्हणाली, "मी."

तिनं कडी काढली. आतलं पंज्यांचं ठोकणं एका क्षणात थांबलं.

दार उघडलं तेव्हा आत सहा मुली होत्या. सहाही जणी फळ्यांवर, तोंडं दाराकडे, हात गुडघ्यांवर. तिसर्‍या फळीवरची लेक आईसारखीच दिसत होती, फक्त केस कापलेले. तिनं आईला पाहिलं. तिचे ओठ हलले. ती उठली नाही.

"चला पोरींनो," फौजदार मोठ्यानं म्हणाले, "सुटलात तुम्ही. या बाहेर."

कुणी हललं नाही. माझ्या आतून उमाळा आला, आत धावावं, एकेकीला हाताला धरून बाहेर काढावं, गाडीत बसवावं. मी एक पाऊल टाकलंही. मामांनी माझं कोपर धरलं.

"तसं एकदा आणलंस तू," ते म्हणाले.

गाठवाली आत गेली. लेकीपाशी नाही गेली. आधी वळली आणि आतून दार लावून घेतलं.

"अहो, हे काय?" नवा बेलिफ म्हणाला. "हुकूम उघडायचा आहे."

"थांब रे," मामा म्हणाले. "बाहेरून कडी घालू नकोस म्हणजे झालं."

आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तोही थांबला. ऊन पत्र्यावर चढत होतं. फौजदारांनी दोनदा घड्याळ पाहिलं. माझे हात दाराकडे जायला बघत होते, म्हणून मी ते पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून उभी राहिले. मिनिटं मी मोजली नाहीत. बावीसपेक्षा जास्त होती, एवढं नक्की.

मग दार जरासं हललं. पुन्हा आपटून बसलं. आत कुणीतरी हुंदका गिळला. परत हललं, आणि फटीतून चार बोटं बाहेर आली. लहान, लोकरीनं चिरलेली. त्यांनी दाराची कड पकडली आणि ओढायला लागली. दार जड होतं, जमिनीला घासत होतं, मदत करायला कुणीही पुढे झालं नाही.

दार उघडणारी लेकच होती. आई तिच्या मागे उभी होती, दोन्ही हात छातीशी बांधून.

फौजदार एक पाऊल मागे सरले, तिला वाट द्यायला.